मराठीत बोललं का ते स्वप्न

समता कॉलनीतल्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या आजींनी मला विचारलं, "नंबर लागाले टाइम आहे काय वो बाई?"

या हिंदी मुलखात घराबाहेर मी हिंदीतच बोलते. त्या दिवशी कशी कोण जाणे, मराठीत बोलून गेले, "हव आजी, थोडा वेळ लागेल."

 आजींनी दोन्ही तळहात डोळ्यांसमोर धरले, उलटसुलट केले, एकेक बोट चाचपलं.

"हात दुखतात का?"

"नाही वो. जागी आहो का झोपेत, ते पाहून राहिली. नातवंडं मराठी समजतात, पण जवाब हिंदीतच देतात. स्वप्नात तेवढे मराठीत बोलतात. म्हणून कोणी मराठीत बोललं का मले समजते, हे स्वप्न आहे. स्वप्नात बोटं पाह्यली का कमीजास्त दिसतात. तरी मी उठत नाही. बोलत बसतो त्यांच्यासंग."

स्वप्न चालू असताना ते ओळखायचं आणि मुद्दाम आतच थांबायचं.

"कालच्या स्वप्नात असाच दवाखाना होता," त्या म्हणाल्या. "शेजारची बाई म्हणे, हव आजी." त्यांनी माझ्या मनगटाला हात लावला. "तू खरी आहे न?"

हो म्हणायच्या आधी मी माझे तळहात पाहिले.