धैर्यशीलच्या गाडीला बसवलेला मोठा टर्बो

रविवारची दुपार. तांबडा-पांढरा रस्सा ओरपून आडवा झालोय, मोबाईल छातीवर. निहाल मगदूमचा मेसेज उघडाच आहे : "रणजितदादा, मोठाच टर्बो घालायचा. आज काय ते सांगा." बावीस वर्षांचं पोरगं. गाडी रोज गावातनं फिरवणार, आणि टर्बो मागतंय शर्यतीचा. डोळे मिटायला लागतात. आईच्या भांड्यांचा आवाज लांब जातो, आणि कुणीतरी माझ्या पायाशी येऊन बसतं.

"झोपतोस काय लेका? गिऱ्हाईक खोळंबलंय."

धैर्यशील. माझा धाकटा भाऊ. जाऊन चौदा महिने झाले.

"तू कसा आलास?"

"चालत. माझी गाडी कुठं ठेवलीस?"

गाडीचं काय उरलं होतं, ते ह्याला कुठल्या तोंडानं सांगू?

आता आम्ही माझ्या गॅरेजात आहोत, पण भिंतीवर शाळेतला फळा आहे आणि बाकांवर नट आवळायचे पाने ओळीनं मांडलेत. मधोमध पाटावर दोन टर्बो, हळद-कुंकू लावलेले. नवा पार्ट पुजल्याशिवाय आम्ही गाडीला लावत नाही. धैर्यशील लहान टर्बोच्या पात्यांवर फुंकर मारतो. पाती भिरभिरतात.

"ह्याचं काय वाईट होतं रे दादा?"

"काहीच नाही. पाय दाबला की लगेच इंजिनात हवा भरतो. ताकद सरळ चढत जाते, गाडी हातात राहते."

"आणि ह्यो मोठा?"

"आधी झोपा काढतो. मग एकदम लाथ घालतो."

"आणि तवा गाडी वळणात असली तर?"

मी फळ्याकडं बघतो.

फळ्यावर खडूनं लिहिलंय : ३१०. अक्षर माझंच. मोठा टर्बो बसवल्यावर त्याची गाडी मशीनवर चढवून ताकद मोजली, तेव्हा आलेला आकडा. अख्ख्या जिल्ह्यात कुणाचा एवढा नव्हता. फोटो काढून मीच सगळ्या ग्रुपवर टाकला होता. वाहवा माझी झाली, गाडी त्यानं चालवली.

"तूच हट्ट धरलास," मी म्हणतो. "मोठाच पाहिजे म्हणून दोन दिवस जेवला नाहीस."

"धरला की. मी धाकटा हाय, हट्ट धरणं माझं कामच." तो हसतो. मग हसायचा थांबतो. "नाही म्हणायचं काम तुझं होतं, दादा."

बाकं नाहीत. घाटातलं ते वळण आहे, जिथं त्याची गाडी हातातनं सुटली, रस्ता ओला, आणि आम्ही दोघं अंगणात बसावं तसे मधोमध बसलोय. मी त्याच्या पाया पडायला वाकतो. थोरला भाऊ, धाकट्याच्या पाया. तो माझं मनगट गच्च धरतो.

"येड्या, असं करत्यात व्हय?"

त्याचा हात गरम आहे. त्यानं सोडू नये, एवढंच मला वाटतंय.

मोबाईल वाजतो. मी दचकून उठतो. उजव्या मनगटावर चार बोटं उमटलीत, काळ्या ग्रीसची. सकाळी आंघोळ केल्यापासून मी गॅरेजकडं फिरकलोसुद्धा नाही.

"दादा, ठरलं का?" निहाल विचारतो.

"मोठा बसवणार नाही."

"अहो, पण गाडी माझी आहे!"

"असू दे. लहान घालायचा असेल तर ये. आणि दुसऱ्याकडं गेलास, तर तिथंही येऊन गाडीपुढं आडवा पडीन."

तो चिडतो, काहीबाही बोलतो आणि फोन आपटतो.

नाही म्हणायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.