मुंगसाच्या जागी भाऊ

"मुंगूस काढी टाका, आन् त्यानी जागावर भाऊ बसाडी द्या," केसरचंदशेठ म्हणाले.

मी हातातलं प्रूफ टेबलावर ठेवलं. गोष्ट जवळजवळ सगळी कंपोज होऊन गॅलीत, म्हणजे जुळलेल्या ओळी ठेवायच्या तबकात, बांधून ठेवली होती आणि मुंगूस तिच्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत होतं. मी त्यांना विचारलं, मुंगसाने काय केलं? ते म्हणाले, काहीच केलं नाही, हीच तर तक्रार आहे.

नंदुरबारला तेव्हा माझा लहानसा छापखाना होता. आमचा जिल्हा तेव्हा पश्चिम खानदेश. गावात वीज नव्हती. ट्रेडल मशीन पायाने चालायचं. लग्नपत्रिका, दुकानांच्या पावत्या, जत्रेची हँडबिलं असं काम असायचं. पुस्तक क्वचितच. ज्यांनी छापखाना आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक अक्षराचा शिशाचा एक खिळा असतो. कंपोझिटर एकेक खिळा उचलून ओळ जुळवतो. ओळ गच्च बसावी लागते, नाहीतर मशीनवर खिळे निखळून पडतात. 'मुंगूस' काढून 'भाऊ' घातला की ओळ सैल पडते. मग खालच्या ओळीतला शब्द वर ओढायचा, तिथली जागा भरायला त्याच्या खालचा. परिच्छेद संपेपर्यंत हेच. गिऱ्हाइकाला मात्र वाटतं, पाटीवरचा शब्द थुंकी लावून पुसायचा आणि दुसरा लिहायचा.

त्यात खिळे मोजके. पुस्तक छापून होईपर्यंत ते त्यातच अडकलेले. लग्नसराई तोंडावर आली होती आणि पत्रिकांची कामं खोळंबली होती.

आता हे पुस्तक कसलं, ते सांगतो. शेठजींचं कापडाचं दुकान होतं. मारवाडी घराणं, तीन पिढ्यांपासून इथलंच. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून शेठजींची अहिराणी त्यांच्या मारवाडीपेक्षा चांगली झाली होती. त्यांचा थोरला मुलगा विषमज्वराने गेला. पहिल्या पुण्यतिथीला त्याच्या नावाने शाळेतल्या मुलांना एक गोष्टीचं पुस्तक वाटायचं त्यांनी ठरवलं. गोष्ट त्यांच्या विधवा सुनेने लिहिली, सुंदरबाईंनी. बाई माहेरी मराठी शाळेत शिकलेल्या. घरातल्या लेकरांना गोष्टी सांगायच्या, म्हणून शेठजींनीच बायकोकरवी त्यांना लिहायला सांगितलं. त्या काळी एवढं करणारा सासरा शोधून सापडला नसता. पुढे मी शेठजींवर किती वैतागलो ते सांगणारच आहे, म्हणून हे आधी सांगून ठेवतो.

गोष्ट अशी. तापीच्या मधोमध एक बेट. पुरात होडी वाहून जाते आणि एक मुलगी तिथे एकटीच राहते. तिच्यासोबत एक मुंगूस, एक टिटवी आणि एक म्हातारी म्हैस. रोज संध्याकाळी मुलगी दिवसभरात काय झालं ते त्यांना सांगते. ते प्रश्न विचारतात, ती उत्तरं देते. शेवटी पाणी ओसरतं, वाळूतून काठापर्यंत वाट पडते, आणि मुलगी मुंगसाला विचारते, "जाऊ का?" संपली गोष्ट.

"गई का नई गई?" शेठजींनी मलाच विचारलं. 

शेठजींना मराठी वाचन जड जायचं. म्हणून त्यांनी पाठक मास्तरांना तपासायला नेमलं होतं. मास्तर पेन्शनीत निघालेले, कडक आणि प्रामाणिक. त्यांचं म्हणणं असं की गोष्टीतल्या जनावराला काहीतरी काम हवं. त्याने अंगठी शोधून आणावी, सापाला मारावं, नाहीतर बोध तरी द्यावा. हे मुंगूस नुसतं बसून राहतं. यापेक्षा भाऊ बरा, मुलांना बंधुप्रेम तरी कळेल.

आम्ही भाऊ घातला. माझा कंपोझिटर भिका दिवसभर मान मोडून बसला होता. दुसरं प्रूफ मास्तरांकडे गेलं, आणि मास्तरांच्याच लक्षात आलं की भाऊ सोबत असेल तर मुलगी एकटी कशी? मग भावाला व्यापारासाठी सुरतेला पाठवायचं ठरलं. मी विचारलं, होडी वाहून गेली आहे, तो बेटावरून सुरतेला जाणार कसा? मास्तर म्हणाले, पोहत.  भिकाने भावाला पोहत पाठवलं.

मग शेठाणींचा निरोप आला. पोर शेवटी एकटीच राहते हे अशुभ दिसतं, राजपुत्राशी लग्न लावून द्या. मास्तरांना हे पटलं. ते मला म्हणाले, सगळ्या कहाण्यांत पोरीला रानात टाकतात ते अखेर राजवाड्यात नेण्यासाठीच. एकटेपणा म्हणजे मधला मुक्काम. त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. लहानपणी ऐकलेल्या साऱ्या गोष्टी मी आठवून पाहिल्या, तशाच होत्या. आम्ही राजपुत्र आणला. दोन दिवसांनी दुकानात कुणीतरी म्हणालं, विधवा सून लग्नाची गोष्ट लिहिते हे बरं दिसत नाही. शेठजी घाईघाईने आले आणि राजपुत्र काढायला सांगून गेले. त्यामागून शेठाणींनी तो परत मागवला. शेठजींनी दुकानातून तो पुन्हा काढायला लावला.

भिका हातातला चिमटा ठेवून माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मालक, हाई पोरनं लगीन दोनदा लागनं नि दोनदा मोडनं," तो म्हणाला. "आते परत लावनं शे का?"

त्याच सकाळी शहाद्याचं एक नेहमीचं गिऱ्हाईक पत्रिका घेऊन आलं होतं. खिळे मोकळे नाहीत म्हटल्यावर ते धुळ्याला निघून गेलं. माझं डोकं फिरलं. सगळी प्रुफं गोळा केली, मास्तरांना घरून उचललं आणि शेठजींच्या घरी गेलो. त्यांना सांगितलं की आता कोणा तरी एकाने काय ते ठरवा, आणि ज्यांनी लिहिलं त्यांना विचारल्याशिवाय मी एक खिळाही हलवणार नाही.

 शेठजींची अडचण खरी होती. मारवाडी घरात सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नाही. तिला काही सांगायचं असलं तर सासू मध्ये. त्यांनी शेठाणींना बोलावलं. मधल्या दाराचा पडदा ओढला गेला आणि सुंदरबाई पलीकडे येऊन बसल्या. मी प्रश्न विचारायचा, शेठाणींनी तो आत सांगायचा आणि उत्तर बाहेर आणायचं, असं ठरलं.

मी विचारलं, मुंगसाच्या जागी भाऊ चालेल का?

शेठाणी आत वळल्या. पण त्यांनी विचारायच्या आतच पडद्यामागून आवाज आला, सरळ माझ्याशी.

"भाऊ असता तर ती मुंगसाशी कशाला बोलली असती?"

शेठजी खाली बघत होते. लग्न होऊन सून घरात आल्यापासून तिचा आवाज त्यांनी बहुधा कधी ऐकलाच नसावा. मास्तरांना या रिवाजाचं काही नव्हतं. शाळेत हुशार पोराला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "पण बाई, त्या मुंगसाला गोष्टीत काम काय?"

"ते ऐकतं," बाई म्हणाल्या.  "हे गेले तेव्हापासून या घरात मला कुणी वाईट वागवलं नाही. पण माझ्याशी जो तो कामापुरतंच बोलतो. पाणी आणा, दिवा लावा. परसात एक मुंगूस येतं. सकाळी मी त्याला सगळं सांगते. पोरीचं लग्न लावा नाहीतर मोडा, माझं काही म्हणणं नाही. मुंगूस काढायचं असेल तर मात्र पुस्तक छापू नका."

शेठाणी पडद्यात हात घालून तशाच उभ्या होत्या. माझा वैताग कुठल्या कुठे गेला. प्रुफं मांडीवर घेऊन नुसता बसून राहिलो.

आधी बोलले मास्तर. चष्मा पुसत ते म्हणाले, "मग हे गोष्टीत लिहिलं का नाही तुम्ही? वाचणाऱ्या पोराला कसं कळावं, की ऐकणं हे त्याचं काम आहे? एक वाक्य घाला."

 बाई म्हणाल्या, मास्तरांचं बरोबर आहे, एक वाक्य हवं. त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं आणि मी प्रुफाच्या कडेला लिहून घेतलं. 'मुंगसाने तिच्यासाठी कधी काही आणलं नाही. पण ती बोलायला लागली की ते कुठे जायचं नाही.'

 मी म्हणालो, शेठजी, तुमचा हुकूम झाला की कामाला लागतो.

"मन्हा पोऱ्याना नाववर पुस्तक शे," ते म्हणाले.  "ती म्हनस तसंच छापा. मुंगूस ऱ्हाऊ द्या."

भिकाने सगळं पुन्हा जुळवलं. सुरतेचा भाऊ गेला, राजपुत्र पुन्हा आला नाही. नवं वाक्य नेमकं परिच्छेदाच्या पहिल्या ओळीत आलं, म्हणून पुढचं सारं पुन्हा सरकवावं लागलं. तो पुटपुटत होता, मी ऐकलं नाही असं दाखवलं. पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी पुस्तकं शिवून तयार झाली. शाळेतल्या पोरांनी घरी जाऊन आपापल्या आयांना एकच विचारलं, ती गेली का नाही गेली? पाठक मास्तरांना रस्त्यात अडवून लोक तेच विचारायचे आणि त्यांना भारी राग यायचा.

शेठाणी दुपारच्या जेवणानंतर सुनेच्या खोलीत जाऊन बसू लागल्या. हे मला शेठजींनीच दुकानात कापड फाडता फाडता सांगितलं. आधी दोघींना काय बोलावं सुचायचं नाही, मग शेठाणी आपल्या माहेरचं सांगू लागल्या. पुढच्या वर्षी बाईंची दुसरी गोष्ट छापायला आली. तिच्यात एकही जनावर नव्हतं. एका ओसरीवर दोन बायका होत्या, एक म्हातारी आणि एक तरुण, आणि पापड लाटता लाटता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत त्या नुसत्या वाद घालत होत्या.

शहाद्याचं ते गिऱ्हाईक काही परत आलं नाही. तेव्हापासून मी एक नियम केला. काम घेताना आधी विचारायचं, हे लिहिलं कोणी? मग प्रुफावर सही त्याच माणसाची घ्यायची. बाकीच्यांना चहा द्यायचा.