भोंगेकाकांचा नियम

शहरात वर्षाचे चार उत्सव. वसंतात फुलांचं प्रदर्शन, उन्हाळ्यात नदीकाठी गाण्याबजावण्याचा आठवडा, पानगळीत नाटकं आणि थंडीत दिव्यांची जत्रा. चारही वेळा गर्दी लोटायची आणि चारही वेळा माणसं हरवायची. त्या हरवलेल्यांचा पुकारा करायचं काम भोंगेकाकांचं. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात त्यांनी बत्तीस वर्षं कारकुनी केली, तिथे त्यांना शेजारच्या टेबलावरचाही धड ओळखत नसे. उत्सवाच्या माईकवर मात्र ते सत्तावीस वर्षं होते, आणि शहरातल्या कित्येक बाप्यांना लहानपणी त्यांनीच आईच्या हवाली केलेलं होतं.

त्यांचा नियम एकच. हरवलेल्याच्या अंगात काय आहे ते सांगा, तरच पुकारा. आणि सापडलेलं माणूस न्यायचं असेल तर आधी वर्णन जुळवा, मग वहीत सही करा, मग न्या. नाव ते विचारत नसत. "नाव काय कपाळावर लिहिलेलं असतं?" म्हणायचे. बाया सगळं घडाघडा सांगत, मोज्यांच्या रंगासकट. पुरुष आले की काकांना चेव चढायचा. एखादा नवरा, "शर्ट... म्हणजे निळाच असेल बहुतेक," असं चाचरत म्हणाला की ते माईकवर हात ठेवून विचारत, "घरून निघताना डोळे खुंटीला टांगून आलात का?" मागची रांग हसायची. काकांनाही ते आवडायचं.

यंदाच्या फुलांच्या प्रदर्शनाला मुलीने त्यांना निक्षून सांगितलं होतं, "बाबा, एक तर तुम्ही जाऊ नका, नाही तर आईला नेऊ नका." वर्षभरात काकू विसरायला लागल्या होत्या. आधी चहात दोनदा साखर, मग गॅस, मग घराची गल्ली. मागच्या महिन्यात तर त्या शेजारच्या जिन्यात तासभर बसून राहिल्या होत्या, रडत. काका म्हणाले, "माझ्या शेजारी खुर्ची टाकतो. डोळ्यांसमोर असेल." खरं सांगायचं तर माईक सोडणं जिवावर आलं होतं. म्हातारपणी माणसाला कुणीतरी विचारणारं लागतं, आणि काकांना वर्षातून चार वेळा अख्खं शहर विचारत होतं.

पहिले दोन दिवस ठीक गेले. काकू खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघायच्या, काका पुकारे करायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी एका शाळेची सहल गर्दीत पांगली. अकरा पोरं, सगळ्यांचा गणवेश एक. काकांच्या नियमाची परीक्षाच ती. कुणाचा दात पडलेला, कुणाच्या गुडघ्याला पट्टी, असं करत त्यांनी अकरा वर्णनं रचली, अकराही पोरं गोळा केली, आणि शाबासकीसाठी शेजारी वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

मांडवामागे पाहिलं, नळापाशी पाहिलं, बायकांच्या रांगेत पाहिलं. वीस मिनिटं गेली. मैदानापलीकडे हमरस्ता होता, आणि रस्ता ओलांडताना गाड्यांकडे बघायचं काकूंनी केव्हाच सोडून दिलं होतं. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. ते धावत माईकवर आले आणि सवयीने सुरू झाले.

"लक्ष द्या. एक बाई हरवल्या आहेत. वय सहासष्ट. उंची बेताची. अंगात..."

त्यांनी माईकवर हात ठेवला. अंगात काय होतं? सकाळी काकांनीच काकूंची बटणं लावली होती, स्वतःच्या हातांनी. हात आठवत होते, घाई आठवत होती, उशीर होतोय म्हणून केलेली चिडचिड आठवत होती. रंग आठवत नव्हता. त्यांनी मुलीला फोन लावला.

"अगं, आईने आज काय घातलंय?"

"बाबा, मी इथे ऑफिसात. सोबत तुम्ही आहात ना?" मुलगी म्हणाली. मग घाबरून, "का हो? आई कुठेय?"

काकांनी फोन ठेवला. आवाजाची यंत्रणा सांभाळणारा मिस्त्री खाली मान घालून वायर गुंडाळत होता. वीस वर्षांत काकांचे सगळे टोमणे त्याने ऐकले होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, असं त्याच्या मनात आलंही असेल. काकांना मात्र स्वतःची एवढी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात तीन नंबरच्या फाटकावरून चिठ्ठी आली. दुसऱ्याचं माणूस हरवलं तर आपलं रडगाणं बाजूला, हेही सत्तावीस वर्षांचं वळण. त्यांनी चिठ्ठी माईकसमोर धरली आणि वाचायला लागले.

"एक गृहस्थ हरवले आहेत. घरच्यांना नाव सांगता येत नाही. वय सत्तरच्या आसपास. अंगात पांढरा शर्ट, त्यावर बारीक राखाडी रेघा. डाव्या बाहीचं बटण दुसऱ्याच शर्टाचं, तपकिरी. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. हनुवटीखाली दाढी करताना कापलेलं. पायात मोजे उलटे, सांगितलं तरी बदलले नाहीत. फार घाई करतात. त्यांना..." काकांनी आपल्या डाव्या बाहीकडे पाहिलं, "त्यांना एकट्याने घर सापडणार नाही."

मैदानावर पुढचं काही ऐकू आलं नाही. माईक तसाच चालू ठेवून काका फाटकाकडे निघाले होते. सत्तर वर्षांचा माणूस जेवढं पळू शकतो तेवढं ते पळाले.

फाटकावर काकू बाकावर बसल्या होत्या. अंगात पिवळं, पांढऱ्या ठिपक्यांचं पोलकं. काकांनी ते आधी पाहिलं आणि मग चेहरा. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, पण ओळख डोळ्यांत आली की नाही, सांगणं अवघड होतं.

"अगं, मी," काका म्हणाले.

काकू फाटकावरच्या स्वयंसेविकेकडे वळल्या. पोरगी काकांच्याच तालमीत तयार झालेली. तिने वही पुढे केली आणि जरा संकोचून म्हणाली, "काकू, वर्णन जुळतंय का बघा. जुळलं तर इथे सही."

काका वहीपुढे उभे राहिले. काकूंनी पेन हातात घेतलं, पण सही केली नाही. आधी त्यांनी काकांची डावी बाही धरून उजेडात उलटवली, बटणावरून अंगठा फिरवला, आणि मगच वहीत सही केली.