बोंबल्याची कॅसेट

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, बी.एस्सी. होऊन एम.एस्सी.च्या प्रवेशाची वाट पाहत असताना, मी पवनीच्या अलीकडच्या एका मिशन दवाखान्यात प्रयोगशाळा सांभाळत होते. कुष्ठरोगाच्या संशयितांच्या कानाच्या पाळीतून नमुना घ्यायचा, काचपट्टी रंगवायची, सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधायचे. काम माझ्या स्वभावाला मानवणारे होते. न मानवणारी गोष्ट एकच, दवाखाना चालवणाऱ्या सिस्टरचा टेपरेकॉर्डर. त्यावर एक विलायती रॉक गायक दुपारभर ओरडत असे. तो आपली कीर्ती उपाशी माणसांसाठी वापरतो, म्हणून सिस्टर त्याला येशूच्या कामातला सोबती मानत.

"गाण्याने जंतू मरत नाहीत, सिस्टर."

"माणसं तर हलतात?"

आमच्याकडे हलत नव्हती, हीच अडचण होती. जवळच्या एका मोठ्या गावात अंगावर चट्टे असलेल्या बाया आहेत, हे आम्हाला ठाऊक होते. तपासणीला मात्र एकही येईना. त्याच गावचा एक माणूस दर महिन्याला मागच्या दाराने गोळ्या न्यायला येई. तो दंडारीतला, म्हणजे तिकडच्या नाचगाण्याच्या लोकनाट्यातला, मुख्य गायक होता. दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत त्याला ऐकायला आसपासची गावे लोटत. त्याच्या पाठीवरचा चट्टा फिका पडत चालला होता.

"हा काहून येवढा बोंबलून राहिला?" एकदा त्याने टेपरेकॉर्डरकडे बोट दाखवून विचारले. मी सांगितले, आणि संधी साधून विनंतीही केली: मंडईत तुम्ही आपल्या आजाराविषयी बोला.

तो हसला. "त्या गोऱ्याचं काय जाते, बाई? तो थोडीच उपाशी हाय! मी बोललो तं मले उद्या कोन बोलावन?"

तर्क बिनचूक होता. दाराशी जाऊन तो वळला.

"बोलतो. पन मंग सगळ्यायसमोर माह्या लोट्यातलं पानी तुमी प्याचं. माहं उष्टं."

"पिईन," मी तत्काळ म्हणाले. नियमित उपचारांनी संसर्ग थांबतो, हे मीच रोज लोकांना समजावत होते.

त्याच्या गावच्या मंडईत, भर दुपारी, वाद्ये थांबवून त्याने सदरा काढला आणि गर्दीकडे पाठ केली. "पाहा. महारोगाचा चट्टा हाय, दोन वर्सापासून. तुमाले गान्यात दिसला का?" मग लोटा तोंडाला लावून तो पाणी प्याला आणि उरलेले माझ्यापुढे धरले.

काठ त्याच्या ओठांनी ओला झाला होता. मला सगळे ठाऊक होते आणि तरीही हात उठला नाही.

"काय मॅडम, पुस्तकात नाही का हे?" मागून एका बाईने विचारले. लोक हसले. तो एकटाच हसत नव्हता. मी लोटा घेतला आणि रिकामा केला.

पुढच्या आठवड्यात तीन बाया आल्या, पुढच्या दाराने. शेजारच्या गावाने मात्र आपल्या मंडईसाठी दुसरा गायक ठरवला. ही बातमी गोळ्या खिशात ठेवताना त्यानेच दिली. मंडईत माझा हात वेळेवर उठला असता, तर? हा प्रश्न मी आजही निकालात काढू शकलेले नाही.

बातमी सांगून तो मागच्या दाराने गेला नाही; पुढच्या बाकावर ऐसपैस बसला.

"सिस्टरबाई, लावा तुमच्या त्या बोंबल्याले. पाहू तं, सूर तरी हाय का त्याले!"