स्कॅनरचा ड्रायव्हर आणि बारा पिढ्या
कोथरूडच्या त्या निवृत्त मुख्याध्यापकांचा मला आजही राग येतो. ते आता हयातही नसतील, तरी येतो.

तेव्हा मी बिबवेवाडीतल्या एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्तीला होतो. भंडाऱ्याहून येऊन चार महिने झाले होते आणि नोकरी कच्ची होती. पुण्यात घरोघरी कॉम्प्युटर येत होते आणि घरोघरी बंद पडत होते. मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, एकाच गिऱ्हाइकाची तिसरी तक्रार आली की गाशा गुंडाळायचा. मुख्याध्यापकांच्या दोन झाल्या होत्या.

मशीन सुरू केलं की दहा मिनिटांत निळा पडदा यायचा आणि सगळं ठप्प व्हायचं. पहिल्या खेपेला मी रॅम बदलली, दुसऱ्या खेपेला पंखा साफ केला. दोन्ही वेळा चुकलो, कबूल आहे. तिसऱ्या खेपेला मात्र मशीन सेफ मोडमध्ये चालवलं, म्हणजे जोडलेल्या वस्तूंचे ड्रायव्हर, त्या वस्तू चालवणारे छोटे प्रोग्रॅम, बंद ठेवून. तासभर ते विनातक्रार चाललं. मग एकेक ड्रायव्हर चालू करून पाहिला. स्कॅनरचा चालू केला आणि निळा पडदा हजर. स्कॅनर अमेरिकेतल्या भाच्याने पाठवला होता आणि त्याचा ड्रायव्हर दुसऱ्याच विंडोजसाठी लिहिलेला होता.

"सर, एवढा ड्रायव्हर काढला की झालं," मी म्हणालो.

"माझा भाचा तिकडे ह्याच क्षेत्रात आहे. त्याचं चुकलं आणि आपलं बरोबर, असं आपलं म्हणणं?" ते हसले. "आपलं आडनाव काय म्हणालात?"

मी सांगितलं. त्यांनी "असं होय" म्हटलं, चष्मा पुसला आणि तिथून पुढे मला अरे-तुरे सुरू केलं. पुण्यात अपमान करायला आवाज चढवावा लागत नाही, हे मी तोवर शिकलो होतो.

डेस्कटॉपवर 'कुलवृत्तांत' नावाची फाइल होती. घराण्याच्या बारा पिढ्या, कोण कुठून आला, कुणाची मुलगी कुठे दिली, सगळं त्यांनी दोन वर्षं खपून एका बोटाने टाइप केलं होतं. आता जुने कागद स्कॅन करून त्यात घालायचे होते.

"स्कॅनर काढून कसं चालेल? तुमच्याकडे असलं काही नसतं. तुला नाही कळायचं."

नव्हतंच. आजोबांच्या वडिलांपलीकडचं नाव आमच्या घरात कुणाला सांगता येत नाही. आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली, आमची मोजदाद तिथून सुरू होते. मुख्याध्यापकांचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच माझ्या अंगाची आग झाली.

त्यांनी माझ्यासमोर दुकानात फोन लावला. "तुमचा माणूस आमच्या भाच्याला अक्कल शिकवतोय," म्हणाले आणि रिसीव्हर टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

"गिऱ्हाईक सांगतंय ते कर," मालक ओरडले. "वाद घालायचा असेल तर परत दुकानात येऊ नकोस."

गिऱ्हाईक सांगत होतं ते असं: भाच्याने कळवलंय, सी ड्राइव्ह फॉरमॅट करायचा, म्हणजे पुसून कोरा करायचा. डी ड्राइव्हला हात लावायचा नाही, फायली तिथे सुरक्षित राहतात.

"फायली डी वरच आहेत ना?" मी विचारलं. विचारणं माझं काम होतं. उत्तर मला ठाऊक होतं. डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं सी मध्येच असतं.

"मला शिकवू नकोस. मी जन्मभर शिकवलंय."

आणखी एक वाक्य बोलायला हवं होतं. ते अगदी जिभेवर आलं होतं. फॉरमॅट करायचं का, असं पडद्यावर विचारलं होतं; मी होकाराचं, वायचं बटण दाबलं.

काळ्या पडद्यावर टक्के वाढू लागले. ते जरा लांबच खुर्ची ओढून बसले आणि चाळीस टक्क्यांच्या सुमारास म्हणाले, "ते समोर दिसायचं ना, आमचं कुलवृत्तांताचं, ते डी वरच असतं ना?"

"नाही. सी वर."

ते उठले, पुन्हा बसले. टक्के शंभरावर गेले. मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

"दुसरीकडे कुठे उतरवून ठेवलं नव्हतं," ते पुटपुटले. मग माझा हात धरला. आडनाव ऐकल्यापासून दोन हात लांब राहिलेल्या माणसाने माझा हात धरला. "बाळा, काहीही कर. परत काढता येतं का रे?"

येत होतं. नुसतं फॉरमॅट केलं की फायली लगेच जात नाहीत. त्यावर नवं काही भरलं नाही, तर बरंचसं परत काढता येतं. त्याचा प्रोग्रॅम असलेली फ्लॉपी माझ्या बॅगेत होती.

"नाही येत," मी म्हणालो, आणि नवं विंडोज भरायची सीडी आत सरकवली.