वाकलेली रेघ

"पाहुणे यायच्या आधी हे तेल पुसून घे. तुझ्या बापाचंच काम आहे."

सर हे बोलले तेव्हा प्रयोगशाळेत आठ जण होते. तिघं हसले. बाकीचे खाली बघत राहिले. मी फडकं घेतलं आणि वाकले.

बाप पूर्णेच्या रेल्वे यार्डात डब्यांच्या चाकांना तेल घालायचा. हे सरांना मीच सांगितलं होतं. परभणीत शिकायला आले तेव्हा. अभिमानानं.

दोन वर्षं मी तिथल्या घर्षण मोजायच्या यंत्रावर होते. दोन पोलादी चकत्या एकमेकींवर जबर दाबून फिरवायच्या. मधे तेलाचा केसाहून बारीक थर. दाबानं तेल डांबरासारखं घट्ट होतं, घर्षण वाढतं. जुनं सूत्र म्हणायचं, वाढतच जातं. माझे आकडे तसं म्हणेनात. एक चकती दुसरीपेक्षा जोरात पळवली, मधला थर लय ओढला गेला, की घट्ट झालेलं तेल परत सैल पडायचं. आलेखाची रेघ वाकायची. ते वाकणं नेमकं पकडणारं समीकरण मी बसवलं. सगळी आकडेमोड हातानं.

त्या दिवशी तो आलेख भिंतीवर होता. खाली नाव सरांच्या भाच्याचं. तोही तिथंच शिकायचा.

पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी रेघेच्या वाकणावर बोट ठेवलं. विचारलं, हे असं का? भाचा मामाकडं बघायला लागला.

"मोजण्यातली चूक असेल," सर म्हणाले. "काढून टाकू."

नाव गेलं ते मी गिळलं होतं. हे गिळता येईना.

"चूक न्हाई ती," मी म्हणाले. तिथं मी भाषा जपून बोलायची. पण घरचीच आली तोंडात. मग थांबले नाही. तेल कुठं घट्ट होतं, कुठं सुटतं, सगळं सांगितलं. पाहुण्यांनी विचारलं, हे कुणी बसवलं? मी वही पुढं केली. त्यांनी पानं चाळली. सरांकडं बघितलं. वही परत दिली आणि चहाला गेले.

दुसऱ्या दिवशी सरांनी टाईप केलेला कागद दिला. त्यात लिहिलं होतं, भाच्याचं काम मी वहीत उतरवून घेतलं, माफी मागते. सही केली नाही तर माझा प्रबंध पुढं जाणार नव्हता.

कागद घेऊन पूर्णेला गेले. नामांतराच्या दंगलीत गावातलं आमचं घर जाळलं, तेव्हापासून बाप यार्डाजवळ खोली घेऊन राहायचा. त्यानं माझ्याकडून कागद वाचून घेतला.

"सही कर पोरी," म्हणाला. "घर जळालं तवा बी मी बोललो न्हाई. म्हणून जित्ते राहिलो आपण."

त्याच्यावर चिडता येईना. परतीच्या गाडीत बसवेनाही. परभणी येईपर्यंत दारातच उभी राहिले.

कॉलेजात मी आडनाव सांगायचं टाळायची. आडनावावरून माणसं जात काढतात. उतरल्यावर सरळ कॉलेजात गेले. वहीच्या पहिल्या पानावर पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. सरांचा कागद सही न करता त्यांच्या टेबलावर ठेवला.

"प्रबंध अडवा, सर. सही मिळणार न्हाई."

अडवला. भाच्याला पदवी मिळाली. मी दर महिन्याला विद्यापीठाकडं अर्ज करते. नाकारतात. पुन्हा लिहिते. सर लोकांना सांगतात, दमेल आणि जाईल गावाकडं.

गाव कवाच जाळलंय माझं. त्या आलेखाखालचं नाव बदलल्याशिवाय मी इथून हलणार न्हाई.