जुन्या कॉम्प्युटरातला माणूस

एकतीस वर्षांच्या नोकरीत बरीच प्रकरणं हाताखालून गेली. आता त्यांतल्या बहुतेकांची कलमं आणि तारखा एकमेकांत मिसळतात. एक प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांसमोर उभं आहे. त्यात माझी हुशारी फारशी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

तेव्हा मी कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्याचं नाव लिहीत नाही आणि माणसांचीही नाही.

दुपारचे अडीच वाजले असतील. दारात टमटम थांबली आणि पंचेचाळिशीच्या एक बाई उतरल्या. कोंबडीखाद्याच्या रिकाम्या गोणीत गुंडाळलेलं काहीतरी जड त्यांनी पोटाशी धरलं होतं. ठाणे अंमलदाराने बाकावर बसायला सांगितलं, पण त्या बसल्या नाहीत. थेट माझ्या केबिनमध्ये आल्या, गोणी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "साहेब, ह्यात एक माणूस हाय."

मी खुर्चीतून उठलोच. पोलिसाच्या टेबलावर गोणी ठेवून कुणी असं म्हटलं की मनात भलतंच येतं. उघडून पाहिलं तर आत कॉम्प्युटरचा काळा डबा, सीपीयू.

बाई पोशीर गावच्या होत्या. घरची भातशेती नवरा बघायचा, कोंबड्यांची शेड त्या चालवायच्या. एमएस-सीआयटीचा कोर्स केलेला असल्यामुळे कॉम्प्युटरला बिचकणाऱ्या नव्हत्या. कुंभिवलीजवळ हायवेला जुन्या कॉम्प्युटरचं एक दुकान होतं. मुंबई-पुण्याच्या ऑफिसांतून आणि आसपासच्या कारखान्यांतून निघालेली मशीन तो दुकानदार आणायचा, पुसून, जुजबी दुरुस्ती करून विकायचा. झेरॉक्सवाले, क्लासवाले, फार्महाऊसवाले, सगळे त्याचं गिऱ्हाईक. बाईंनी तिथून तीन मशीन घेतली होती.

"एक पोरीच्या अभ्यासाला," त्या सांगू लागल्या. "एक ओटीवर ठेवला. गावातल्या बाया दाखल्याला, सात-बाऱ्याला माझ्याकडंच येतात. न् ह्यो तिसरा शेडवरच्या कॅमेऱ्यांसाठी. उन्हाळ्यात पंखा बंद पडला न् कळलं नाय, तर शेडभर कोंबड्या मरतात साहेब. घरात बसून दिसायला पायजे."

"मग झालं काय?"

"परवा दुकानदाराचा फोन. ताई, तो एक डबा चुकून तुमच्याकडं गेला, परत द्या, बदली नवाकोरा देतो. आता सांगा, जुन्याला नवा कोण देतो? मी म्हटलं, बघू. तर आज सकाळीच गाडी घेऊन दोघं दारात. नवं खोकं हातात. बसा म्हटलं तर बसेनात, नुसते शेडकडं बघतात. मी थाप मारली, डबा भावाकडं कर्जतला हाय, उद्या या. ते गेले न् मी दार लावून घेतलं. म्हटलं, असं हाय तरी काय ह्यात?"

दुकानदाराने मशीन साफ करताना आतल्या हार्ड डिस्कचा एकच भाग पुसला होता. दुसऱ्या भागात एका कारखान्याच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग तसंच राहिलं होतं. बाईंनी ते उघडून पाहिलं, डबा गोणीत घातला आणि मागच्या वाटेने गाव सोडलं. डब्याच्या पाठीवर कारखान्याच्या नावाची चिकटपट्टी होती. कारखाना आमच्या हद्दीत. "मागं एकदा शेडात चोरी झाली तवा हद्द-हद्द करून फिरवलं व्हतं मला. म्हणून सरळ हितंच आले," बाई म्हणाल्या.

दोन पंच बोलावले, पंचनामा केला आणि सायबरच्या माणसाला बोलावून आधी सगळ्याची प्रत काढून घेतली. मूळ डबा सील केला. मग प्रत लावली.

चित्राला आवाज नव्हता. कारखान्याचं मागचं अंगण, उंच टाकी, तिला टेकवलेली लोखंडी शिडी. टोपी घातलेला एक कामगार वर चढतो. वरच्या फळीवर पाय ठेवतो आणि फळीच सरकते. तो खाली येतो तो सरळ सिमेंटवर. दोघं धावत येतात. त्यांतला इस्त्रीच्या शर्टातला एक जण फोन काढतो, बोलतो, बोलतच राहतो. पाणी कुणी पाजत नाही. बऱ्याच वेळाने टेंपो मागे येतो, तिघं मिळून त्याला उचलून आत टाकतात. शेवटी इस्त्रीच्या शर्टातला माणूस मान वर करून थेट कॅमेऱ्याकडे बघतो. तिथे चित्र संपतं.

हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, ती मिसिंगची बाई…"

मलाही तीच आठवली होती. तीन आठवड्यांपूर्वी एका कंत्राटी कामगाराची बायको नवरा हरवल्याची तक्रार घेऊन आली होती. मी कारखान्यात चौकशी केली. सुपरवायझरने सांगितलं, तो त्या दिवशी अर्ध्यातूनच निघून गेला, घरी काहीतरी कटकट असावी. मला ते पटलं. पटायला सोपं होतं. दर महिन्याला असे दोन-तीन नवरे घर सोडून जातात आणि त्यांतले बहुतेक परत येतात. मिसिंग रजिस्टरला नोंद झाली, फोटो लागला आणि मी पुढच्या कामाला लागलो.

संध्याकाळपर्यंत दुकानदार, कारखान्याचा कारकून आणि सुपरवायझर ठाण्यात होते. सुपरवायझर म्हणजे तोच इस्त्रीच्या शर्टातला माणूस. तिघांना वेगवेगळं बसवलं. दुकानदाराला आतलं काही माहीत नव्हतं. मशीन त्याला कारकुनाने विकली होती आणि आता कारखान्याचे लोक ती परत मागत होते, एवढंच तो सांगू शकला. पोशीरला गेलेले दोघं म्हणजे सुपरवायझर आणि टेंपोचा ड्रायव्हर.

कारकुनाला मी एकच विचारलं, "मशीन विकायला कुणी सांगितलं?"

"विकायला नाय साहेब, फोडायला सांगितलं व्हतं," तो म्हणाला. "पण चालू मशीन हो. फोडायला हात धजेना. बाकीची जुनी निघाली त्यांच्यात सारली."

"फोडायला का सांगितलं?"

त्याने सुपरवायझरला बसवलं होतं त्या खोलीकडे नुसतं बोट दाखवलं.

सुपरवायझर मात्र शांत होता. चित्र पाहिलं आणि म्हणाला, "हा जुना अपघात आहे साहेब. कोपऱ्यात तारीख आहे बघा."

तारीख खरोखरच पाच-सहा वर्षांपूर्वीची होती.

"तेव्हा आम्ही त्याचे उपचार केले, बरा होऊन तो पुन्हा कामावर आला. आता घर सोडून गेला त्याला आम्ही काय करणार?"

सायबरचा माणूस मला बाजूला घेऊन म्हणाला, आतला बारका सेल संपला की असली मशीन स्वतःचीच तारीख धरून बसतात. मला ते पटलं, पण ते सिद्ध कसं करायचं? एक गोष्ट मात्र लक्षात आली. आपला माणूस पडताना दिसला की साधा माणूस आधी त्या माणसाबद्दल बोलतो. याने आधी तारीख दाखवली होती.

रात्रभर त्याने तेच तेच सांगितलं. सकाळी मी त्या कामगाराच्या बायकोला बोलावून घेतलं. दहिवलीच्या पुढच्या एका गावातून ती दिरासोबत आली. तिशीची असेल. काय दाखवणार आहे ते आधी सांगितलं. बघवेल का, असं विचारलं. तिने नुसती मान हलवली.

तिने सगळं पाहिलं, एकदाही नजर काढली नाही. तो पडला तेव्हा तिने पदराचं टोक दातांत धरलं. मग म्हणाली, "मागं घ्या. टोपी पडली तिथं."

मागे घेतलं.

"डोकं बघा साहेब. भादरलेलं हाय."

"मग?"

"सासूचा दहावा झाला न् दुसऱ्या दिवशी कामावर गेले ते. खाडा नको म्हणाले, बाराव्याला सुट्टी घेतो. सासरा तर धा वर्षांमागं, आमच्या लग्नाच्या आधीच गेला. एरवी कशाला भादरतील डोकं? ही त्या दिवशीचीच गोष्ट हाय." दिराकडे वळून ती म्हणाली, "सांगा की भावजी." दिराने टोपी काढली. त्याच्या डोक्यावर तीन आठवड्यांचे केस उगवले होते.

"हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. पुन्हा पडद्याकडे वळली आणि टेंपोच्या चित्रावर बोट ठेवलं. "ह्यो बघा हात. टेंपोचं फळकुट धरलंय त्यांनी. जिवंत हायेत ते."

आम्ही चार पोलिसांनी ते चित्र दहा वेळा पाहिलं होतं. तो हात कुणाला दिसला नव्हता.

दिराला सोबत घेऊन मी सुपरवायझरपुढे बसलो. काही विचारलं नाही. दिराला फक्त त्याच्या आईचा दहावा कधी झाला ते सांगायला लावलं आणि चित्र त्या उघड्या डोक्यावर थांबवून ठेवलं. सुपरवायझरचे खांदे खाली आले.

"मेला असंच वाटलं आम्हाला," तो म्हणाला. "घाट चढताना कण्हला. मग टाकून देववेना. पलीकडच्या जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात ठेवला. सांगितलं, रस्त्यात पडलेला सापडला."

"नंतर एकदा तरी चौकशी केलीत?"

"नाही."

मी त्या रुग्णालयाला फोन लावला. तिथल्या बाईंनी रजिस्टर पाहून सांगितलं, "आहे की. अनोळखी म्हणून दाखल आहे. बोलता येत नाही त्याला. आज चारला निराधारांच्या संस्थेची गाडी येणार आहे, तिकडे हलवतोय."

"हलवू नका. आम्ही निघतोय."

"लेखी पाठवा साहेब. आणि इतके दिवस कुठे होतात? तो दाखल झाला त्याच दिवशी आम्ही इथल्या पोलीस चौकीतून वायरलेसवर सगळ्या ठाण्यांना संदेश पाठवायला लावलाय."

पत्र लिहून, शिक्का मारून मोबाईलवर पाठवलं. गाडी काढायला सांगितली. तेवढ्यात हवालदार वायरलेस संदेशांची फाईल घेऊन आला. संदेश आमच्याकडे आला होता, त्यावर आमच्याच ठाण्याची पोहोच होती. 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे पस्तीस, सावळा, डोक्याचे मुंडण केलेले.' शेजारी त्याने आमचं मिसिंग रजिस्टर उघडून धरलं. अक्षर माझं होतं. 'केस काळे, दाट, मागे वळवलेले.' ते मी फोटोवरून लिहिलं होतं. दोन्ही कागद एकाच कपाटात तीन आठवडे पडून होते.

हवालदार माझ्यासोबत पंधरा वर्षं काम केलेला माणूस. दाराकडे बघून तो हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, हा कागद फाईलला राहू द्यायचा का?"

खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही नकोच वाटलं. मग म्हणालो, "राहू दे. नंबर टाक."

घाटात ट्रकांची रांग लागली होती. साडेतीन वाजले तरी आम्ही वर पोचलो नव्हतो. ती मागच्या सीटवर दिराशेजारी ताठ बसली होती. किती राहिलं, असं तिने एकदाही विचारलं नाही. मीच दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होतो. पत्र पोचलं का ते विचारायला फोन करत होतो आणि फोन कुणी उचलत नव्हतं. सव्वाचारला रुग्णालयाच्या आवारात शिरलो तेव्हा संस्थेची गाडी दाराशी उभी होती आणि तिचं मागचं दार उघडं होतं. ड्रायव्हर चिडलेला होता. कुठलंसं पत्र आलंय म्हणून वॉर्डातून पेशंट सोडत नाहीत, असं तो कुणाला तरी फोनवर सांगत होता.

वॉर्डात तिचा नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. डावी बाजू गेलेली, डोक्याला पट्टी. तिने हाक मारली नाही. पलंगाला वळसा घालून भिंतीच्या बाजूला गेली आणि त्याला दिसेल अशी खाली वाकून उभी राहिली. त्याच्या घशातून आवाज आला. आम्हाला कुणाला काही कळलं नाही. तो पुन्हा तसाच आवाज करू लागला, जोर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"झालं वो," ती म्हणाली. "बारावं झालं. भावजींनी केलं समदं. तुमी नका काळजी करू."

तेव्हा तो शांत झाला.

दोषारोपपत्र गेलं. खटला माझ्या निवृत्तीनंतरही चालू आहे. तो कामगार आता काठी घेऊन चालतो, चार शब्द तुटक बोलतो. पोशीरच्या बाईंचा डबा मुद्देमालात अडकला. त्यांनी दुसरा जुनाच घेतला आणि कोर्टात साक्ष द्यायला त्या एकदाही चुकल्या नाहीत. तपासाच्या कागदांत आमच्या नोंदीतली चूक मी स्वतः लिहिली. त्याबद्दल मला लेखी ताकीद मिळाली. ती योग्यच होती.

पण ताकीद देण्यात वरिष्ठ पहिले नव्हते. त्या दिवशी वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी त्या कामगाराच्या बायकोला सगळं सांगितलं. संदेश आला होता, आमच्या कपाटात होता, माझ्या एका ओळीमुळे तीन आठवडे गेले. ती रागावेल असं वाटलं होतं. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मी सांगितलं व्हतं साहेब," ती साधेपणाने म्हणाली. "डोकं भादरलंय, बाराव्याला सुट्टी घेतो म्हणून गेलेत, समदं सांगितलं व्हतं. तुमी लिवत व्हता. वर बघितलं नाय."

त्यानंतर उरलेली चार वर्षं मी तक्रार ऐकताना पेन टेबलावर ठेवत असे. फोटो नंतर, नोंद नंतर. आधी एकच विचारायचो, घराबाहेर पडला तेव्हा तो कसा दिसत होता, सांगा. लोक सांगत राहायचे, बाहेर रांग वाढायची. नवीन आलेले शिपाई कुजबुजायचे, साहेब फार वेळ घेतात. घेत होतो.